कुर्ट लेविन

कुर्ट लेविन (जन्म : ९ सप्टेंबर १८९०, मोगिल्नो, मृत्यू : १२ फेब्रुवारी १९४७, न्यूटनव्हिल, मॅसॅच्युसेट्स) हे जर्मनीत जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ होते. सामाजिक मानसशास्त्राला प्रायोगिक पाया देणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते. क्षेत्रसिद्धान्त, गटगतिकी आणि कृतिसंशोधन या तीन संकल्पना मुख्यतः त्यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत.

व्याख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यापेक्षा चर्चेत भाग घेऊन निर्णय करणारी व्यक्ती आपले वर्तन अधिक सहजपणे बदलते, असे लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आढळले. मात्र कोणत्याही विषयावर चर्चा घडवली म्हणजे हा परिणाम साधत नाही. विषय गटाच्या रोजच्या व्यवहारातला आणि गटाच्या हातात असलेला असावा लागतो, हे त्याच प्रयोगांवरून दिसते. १९४६ साली न्यू ब्रिटन येथे शिक्षक व समाजकार्यकर्त्यांसाठी भरलेल्या कार्यशाळेत या विचाराला अनपेक्षित वळण मिळाले. आज शिक्षक-प्रशिक्षणात रूढ असलेल्या गटचर्चेच्या इतिहासात त्या कार्यशाळेला महत्त्वाचे स्थान आहे.

बालपण व शिक्षण

मोगिल्नो हे त्या काळी प्रशियाच्या पोझेन प्रांतातील एक लहान गाव होते. आज ते पोलंडमध्ये आहे. लेविन यांचे कुटुंब ज्यू होते. वडिलांचे गावात दुकान होते व थोडी शेतीही होती. चार भावंडांत कुर्ट दुसरे. तत्कालीन जर्मन साम्राज्यात ज्यूंना कायद्याने नागरिकत्वाचे हक्क मिळालेले असले, तरी लष्करातील अधिकारपदे, सरकारी नोकऱ्या आणि विद्यापीठांतील प्राध्यापकपदे त्यांना क्वचितच मिळत. आपण बहुसंख्याकांच्या काठावर उभे आहोत, ही जाणीव लेविन यांना लहानपणापासून होती. पुढे अल्पसंख्याकांच्या प्रश्नांकडे ते वळले, त्यामागे हा अनुभवही होता.

१९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला स्थलांतरित झाले. १९०९ मध्ये लेविन यांनी वैद्यकाच्या शिक्षणासाठी फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु लवकरच ते म्यूनिक व तेथून बर्लिन विद्यापीठात गेले आणि तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांच्या अभ्यासाकडे वळले. कार्ल श्टुम्फ हे त्यांचे मार्गदर्शक होते. विद्यार्थिदशेत त्यांनी मित्रांच्या साहाय्याने कामगार स्त्री-पुरुषांसाठी वर्ग चालवले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात दाखल झाले. तोफखान्यात काम करीत असताना ते जखमी झाले. त्यांचा एक भाऊ या युद्धात मारला गेला. १९१७ मध्ये त्यांनी युद्धभूमीच्या अनुभवावर एक लेख प्रसिद्ध केला. शांततेच्या काळातले शेत वा घर युद्धाच्या काळात सैनिकाला आडोसा, धोका वा सरपण म्हणून कसे दिसू लागते, याचे वर्णन त्यात आहे. तीच वस्तू व्यक्तीच्या परिस्थितीनुसार वेगळा अर्थ धारण करते, या त्यांच्या पुढील सिद्धान्ताचे बीज या लेखात सापडते.

बर्लिनमधील कार्य

युद्धानंतर लेविन बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेत काम करू लागले. माक्स वेर्टहायमर व वोल्फगांग कोहलर हे समष्टिवादी, म्हणजेच गेस्टाल्ट, मानसशास्त्राचे प्रवर्तक तेथे कार्यरत होते. त्यांचा भर मुख्यतः संवेदनावर होता; लेविन यांनी तीच दृष्टी इच्छा, हेतू व भावना यांच्या अभ्यासाला लावली. माणसाचे वर्तन केवळ त्याच्या स्वभावातून किंवा केवळ बाह्य परिस्थितीतून उद्भवत नाही, तर त्या क्षणी त्याला जाणवणाऱ्या दोहोंच्या एकत्रित क्षेत्रातून उद्भवते, हा क्षेत्रसिद्धान्ताचा गाभा होय.

लेविन यांचे अध्यापन व्याख्यानकक्षापुरते मर्यादित नव्हते. संस्थेजवळच्या एका उपाहारगृहात ते विद्यार्थ्यांसह तासन् तास बोलत बसत. या बैठकांना विद्यार्थ्यांनी बडबड्या मंडळाच्या अर्थाचे गमतीदार नाव दिले होते. चर्चेसाठी नेमलेला पाठ नसे. ज्याचे संशोधन अडले असेल, त्याची अडचण हाच बहुधा चर्चेचा विषय असे. त्यांच्या विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. ब्लूमा झायगार्निक, तमारा डेम्बो व मारिया ओव्हसियांकिना या त्यांपैकी प्रमुख.

उपाहारगृहातील वाढप्याला पैसे येणे बाकी असलेल्या गिऱ्हाइकांचे हिशेब तोंडपाठ असतात, पण पैसे चुकते होताच तो ते विसरतो, या निरीक्षणावरून झायगार्निक यांच्या प्रयोगाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. झायगार्निक यांनी सहभागी व्यक्तींना मातीच्या आकृती करणे, कोडी सोडवणे, गणिते करणे अशी छोटी कामे दिली आणि त्यांपैकी निम्मी मध्येच थांबवली. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे लोकांना जवळपास दुपटीने आठवली. हे निष्कर्ष १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. हाती घेतलेले काम मनात एक ताण निर्माण करते व ते पुरे होईपर्यंत तो ताण टिकतो, असे लेविन यांचे स्पष्टीकरण होते. नंतरच्या संशोधकांना मात्र हा परिणाम प्रत्येक वेळी आढळला नाही.

स्थलांतर

१९३२ मध्ये लेविन स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून अमेरिकेस गेले. परतीचा प्रवास त्यांनी जपान व सोव्हिएत संघ या मार्गाने केला. ते वाटेत असतानाच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. आपल्या मुलांना ज्या विद्यापीठात शिकता येणार नाही तेथे आपण शिकवायचे नाही, असे ठरवून त्यांनी जर्मनी सोडण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी पत्नी गेरट्रूड व मुलांसह ते अमेरिकेत आले. १९४० मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. त्यांच्या आईची सुटका मात्र त्यांना करता आली नाही. अनेक प्रयत्न करूनही ते निष्फळ ठरले आणि ज्यूंच्या वंशसंहारात तिचा बळी गेला.

अमेरिकेत पहिली दोन वर्षे लेविन यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहअर्थशास्त्र विभागात काढली. तेथे त्यांनी लहान मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास केला. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात रुजू झाले. एक सुशिक्षित समाज हुकूमशाहीच्या आहारी कसा जातो आणि लोकशाही वर्तन शिकता-शिकवता येते काय, हे प्रश्न आता त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आले.

आयोवातील मुलांची मंडळे

लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३८च्या सुमारास केलेले प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे देण्यात आली. हुकूमशाही पद्धतीचा नेता प्रत्येक पायरी स्वतः ठरवी आणि पुढची पायरी आधी सांगत नसे. लोकशाही पद्धतीचा नेता काम कोणते व कसे करायचे हा प्रश्न मुलांपुढे चर्चेला ठेवी व गरज पडल्यास दोन-तीन पर्याय सुचवी. तिसऱ्या प्रकारात नेता मुलांना पूर्ण मोकळीक देई आणि विचारल्याखेरीज काही सांगत नसे.

हुकूमशाही मंडळांत मुले एक तर परस्परांवर, विशेषतः एखाद्या दुबळ्या मुलावर, चिडून तुटून पडत किंवा निमूटपणे खाली मान घालून बसत. नेता खोलीबाहेर गेला की त्यांचे काम मंदावे. लोकशाही मंडळांत नेत्याच्या अनुपस्थितीतही काम सुरू राही. पूर्ण मोकळीक मिळालेल्या मंडळांत काम कमी व विस्कळीत झाले. चर्चेला मोकळीक आवश्यक असते, पण केवळ मोकळीक म्हणजे चर्चा नव्हे, हा फरक या प्रयोगाने स्पष्ट केला. विषय व पर्याय नीट मांडण्याची जबाबदारी नेत्यावर राहतेच.

व्याख्यान आणि गटनिर्णय

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाचा तुटवडा निर्माण झाल्याने अमेरिकी कुटुंबांनी जनावराचे काळीज, मूत्रपिंड असे सहसा न खाल्ले जाणारे भाग आहारात घ्यावेत, अशी सरकारची इच्छा होती. मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड सचिव असलेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्नविषयक समितीसाठी लेविन यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. घरात कोणते अन्न यावे हे प्रामुख्याने गृहिणी ठरवते. अन्नाच्या वाटेवरील ती द्वाररक्षक आहे, असे त्यांना आढळले. म्हणून बोलणी तिच्याशीच व्हायला हवी होती.

रेड क्रॉसच्या गृहशुश्रूषा वर्गांतील स्त्रियांचे प्रत्येकी १३ ते १७ जणींचे सहा गट करण्यात आले. तीन गटांना आकर्षक व्याख्यान देण्यात आले : जीवनसत्त्वे, बचत, युद्धकार्यातील मदत, पाककृती असे सर्व काही त्यात होते. उरलेल्या तीन गटांत चर्चा झाली. या चर्चेचा विषय युद्ध वा पोषण असा सर्वसाधारण नव्हता. आपल्यासारख्या गृहिणींना हे मांस वापरताना कोणत्या अडचणी येतील, असा प्रश्न समोर ठेवण्यात आला. शिजवतानाचा वास, पतीची नापसंती, मांसाचे रूप अशा अडचणी स्त्रियांनीच पुढे आणल्या. त्यानंतरच आहारतज्ज्ञ स्त्रीने उपाय व पाककृती सांगितल्या. शेवटी येत्या आठवड्यात प्रयोग करून पाहण्यास कोण तयार आहे, यासाठी हात वर करण्यास सांगितले गेले. दोन्ही पद्धतींना सारखाच, ४५ मिनिटांचा, वेळ होता. पुढील चौकशीत व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा करून निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधीही न केलेला पदार्थ करून वाढल्याचे आढळले.

व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथील हारवुड कंपनीच्या कापड-शिलाई कारखान्यातही लेविन यांच्या सल्ल्याने असेच प्रयोग झाले. तेथे अलेक्स बॅव्हलास यांनी कामगारांच्या लहान गटांपुढे त्यांच्या स्वतःच्या उत्पादनाचा प्रश्न ठेवला. ज्या गटांनी चर्चेअंती आपले लक्ष्य स्वतः ठरवले, त्यांचे उत्पादन वाढले.

न्यू ब्रिटन येथील कार्यशाळा

१९४५ मध्ये लेविन यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत गटगतिकी संशोधन केंद्र उभारले. त्याच सुमारास अमेरिकन ज्यू काँग्रेसच्या साहाय्याने समाजांमधील संबंधांचा अभ्यास करणारे दुसरे केंद्रही त्यांनी सुरू केले. वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या संस्थांकडे सदिच्छा भरपूर असली, तरी आपल्या प्रयत्नांचा परिणाम मोजण्याचे साधन नाही, असे त्यांचे मत होते. नियोजन, कृती आणि परिणामांचे निरीक्षण यांचे चक्र पुन्हा पुन्हा फिरवून काम सुधारत न्यावे, ही कृतिसंशोधनाची कल्पना त्यांनी १९४६ मधील लेखात मांडली.

त्याच वर्षी कनेक्टिकट राज्याच्या आंतरवांशिक आयोगाने पूर्वग्रह कमी करण्यासाठी स्थानिक कार्यकर्ते तयार करण्याच्या कामी त्यांची मदत मागितली. उन्हाळ्यात न्यू ब्रिटन येथील शासकीय अध्यापक महाविद्यालयात कार्यशाळा भरली. चाळीसहून अधिक प्रशिक्षणार्थींत बहुसंख्य शिक्षक व समाजकार्यकर्ते होते. आफ्रिकी-अमेरिकी व ज्यू सदस्यांचे प्रमाण मोठे होते. लिपिट, लेलंड ब्रॅडफर्ड व केनेथ बेन हे गटांचे मार्गदर्शक होते. व्याख्यानांवर भर न देता, प्रशिक्षणार्थींनी आपापल्या गावात व शाळेत अनुभवलेले प्रसंग चर्चेला घेतले जात आणि काही प्रसंग भूमिकाभिनयाने उभे केले जात. प्रत्येक गटात एक निरीक्षक बसून कोण केव्हा बोलले, कोण गप्प झाले, याची नोंद करीत असे.

सायंकाळी मार्गदर्शक व निरीक्षक या नोंदी ताडून पाहत. एका सायंकाळी तीन प्रशिक्षणार्थींनी या बैठकीस बसण्याची परवानगी मागितली. काही सहकाऱ्यांना संकोच वाटला, परंतु लेविन यांनी त्यांचे स्वागत केले. थोड्याच वेळात एका निरीक्षकाने त्यांच्यापैकीच एका स्त्रीच्या सकाळच्या वर्तनाचे वर्णन केले. तिने मध्येच थांबवून, तसे घडले नव्हते असे सांगितले व आपली बाजू मांडली. बैठकीत तणाव निर्माण झाला. लेविन यांना मात्र त्यात मौल्यवान सामग्री दिसली. एकाच घटनेची दोन वर्णने आता समोरासमोर होती आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्याच व्यक्ती बोलण्यात सहभागी होत्या. पुढील सायंकाळी अधिक प्रशिक्षणार्थी आले आणि या बैठका कार्यशाळेतील सर्वांत जिवंत चर्चा ठरल्या.

कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय नव्हता. गटात आज आपल्यामध्ये काय घडले, हा प्रश्न आयोजकांनी आखलेल्या विषयांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला. विविध वंशांची माणसे जेथे एकत्र बसली होती, तेथे पूर्वग्रह हा दूरचा विषय राहिला नाही. कोणाचे बोलणे तोडले गेले, कोणाचे ऐकले गेले, यातच तो तपासता येऊ लागला.

चर्चाविषयाच्या निवडीतील महत्त्व

शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी चर्चाविषय निवडताना लेविन यांच्या कार्यातून चार गोष्टी घेता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे विषय सहभागींच्या अधिकारकक्षेतील असावा. गृहिणींपुढे स्वयंपाकघराचा प्रश्न ठेवला गेला, मांसाच्या राष्ट्रीय तुटवड्याचा नव्हे. याच न्यायाने, शिक्षणाचा दर्जा कसा उंचावेल, या विषयावर शिक्षक मते मांडतील. परंतु पंधरा दिवस गैरहजर राहिलेले मूल वर्गात परतते तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्यासाठी काय करावे, या प्रश्नावर ते निर्णय करू शकतील.

दुसरी, विषयाचे उत्तर आधीच ठरलेले नसावे. अपेक्षित उत्तर वदवून घेण्यासाठी योजलेली चर्चा हे व्याख्यानाचेच दुसरे रूप होय. तिसरी, विषयाची सुरुवात अडचणींपासून व्हावी आणि तज्ज्ञाची माहिती त्यानंतर यावी; गरज जाणवल्यावर मिळालेली माहिती अधिक वापरली जाते. चौथी, चर्चेचा शेवट एखाद्या छोट्या, मुदतीच्या व पडताळून पाहता येण्याजोग्या निर्णयात व्हावा.

मृत्यू व नंतरचे कार्य

न्यू ब्रिटनच्या कार्यशाळेनंतर काही महिन्यांतच, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने लेविन यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडफर्ड, बेन व लिपिट यांनी मेन राज्यातील बेथेल येथे पहिली राष्ट्रीय प्रशिक्षण प्रयोगशाळा भरवली. अमेरिकेतील शिक्षकांची राष्ट्रीय संघटना तिच्या प्रायोजकांपैकी एक होती. गटाचा स्वतःचा अनुभव हाच चर्चेचा विषय मानणारी प्रशिक्षणगटाची पद्धत तेथून इतर देशांत पसरली. गटगतिकी संशोधन केंद्र १९४८ मध्ये मिशिगन विद्यापीठात हलवण्यात आले. लिओन फेस्टिंगर, मॉर्टन डॉइच, डॉर्विन कार्टराइट व हॅरल्ड केली हे त्यांच्याकडे शिकलेले वा त्यांच्यासह काम केलेले संशोधक पुढे नामवंत झाले.

स्टीफन कोरी यांनी १९५३ मधील ग्रंथाद्वारे कृतिसंशोधन शालेय शिक्षणात आणले. महाराष्ट्रातील अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही कृतिसंशोधनाचा समावेश आहे.

लेविन यांच्या हयातीत अ डायनॅमिक थिअरी ऑफ पर्सनॅलिटी (१९३५) व प्रिन्सिपल्स ऑफ टोपॉलॉजिकल सायकॉलॉजी (१९३६) हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. रिझॉल्व्हिंग सोशल कॉन्फ्लिक्ट्स (१९४८) हा गेरट्रूड लेविन यांनी संपादित केलेला लेखसंग्रह आणि फील्ड थिअरी इन सोशल सायन्स (१९५१) हा कार्टराइट यांनी संपादित केलेला लेखसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

टीका व मर्यादा

लेविन यांनी मानसशास्त्रात वापरलेली गणिती परिभाषा काटेकोर नाही, अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली. आहाराच्या प्रयोगातील गट लहान होते. शिवाय चर्चा करणाऱ्या स्त्रियांना पुढे चौकशी होणार असल्याचे सांगण्यात आले होते. त्यामुळे दिसलेला फरक नेमका कशामुळे पडला, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नव्हते. एडिथ पेल्झ यांनी १९५०च्या दशकात हे घटक स्वतंत्रपणे तपासले. निव्वळ चर्चा व्याख्यानापेक्षा विशेष प्रभावी ठरली नाही; प्रत्यक्ष निर्णय करणे आणि गटातील इतरही त्याच निर्णयाचे आहेत याची जाणीव होणे, हे दोन घटक निर्णायक आढळले. प्रशिक्षणगटाच्या पद्धतीबाबतही, अननुभवी मार्गदर्शकाच्या हाती ती सहभागींना मानसिक ताण देऊ शकते, असा आक्षेप घेतला गेला.

या आक्षेपांमुळे लेविन यांच्या निष्कर्षांना अधिक नेमकेपणा आला. शिक्षकांची चर्चा रंगली, एवढ्यावरून ती सफल झाली असे म्हणता येत नाही. चर्चेनंतर शिक्षक आपल्या वर्गात काय वेगळे करतात, ही तिची कसोटी ठरते.